पाणी वरून की खालून?



'पाणी' या विषयावर वीस मिनिटं बोला, असं मला सांगण्यात आलं, तेव्हा सांगणाऱ्यांच्या मनात नदी, विहीर, पाऊस आणि अधूनमधून दोन कविता असं काहीसं असणार. मी म्हटलं, मला विस्तवाला भेटणाऱ्या पाण्याबद्दल बोलायचं आहे, ज्वालामुखीतल्या पाण्याबद्दल. फोनवर पलीकडे जरा शांतता पसरली. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, उभं आयुष्य कोल्हापुरात काढलेल्या आणि ज्वालामुखी फक्त पडद्यावर पाहिलेल्या माणसानं हा विषय का मागावा, हे त्यांना कळेना. ते आज सांगतो.

माझे वडील एका फौंड्रीत मोल्डर होते. आम्ही त्यांना अब्बा म्हणायचो. वाळूचा साचा थापायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, हे त्यांचं काम. त्या वितळलेल्या लोखंडाला फौंड्रीत 'रस' म्हणतात. गुऱ्हाळांच्या मुलखात हा शब्द कुणाला वेगळा वाटत नाही. लहानपणी मी अब्बांचा डबा घेऊन जायचो. दारातच थांबायचं, आत पाऊल टाकायचं नाही, अशी सक्त ताकीद असे. अब्बांना तिथं दोनच गोष्टींची भीती वाटायची, मुकादमाची आणि पाण्याची. त्यात मुकादमाची कमी.

पावसाळ्यात छताचा पत्रा गळायचा. एखादा थेंब थेट रसावर पडायचा. मी दारातून घाबरून बघायचो. अब्बा म्हणायचे, "वरनं पडलेलं पाणी नाचतं आन् जातं. खाली सापडलेलं पाणी मातूर सोडत न्हाई."

१९८८चा जुलै होता. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. ओतकाम संपल्यावर उरलेला रस जमिनीत वाळूचा चर करून त्यात ओततात. त्या दिवशी चराच्या तळाला पाझर लागला होता. वरची वाळू मात्र कोरडी दिसत होती. रस पडला आणि अख्खा चर उडाला. अब्बांचा डावा डोळा गेला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

चार दिवसांनी कचेरीतून एक गृहस्थ घरी आले. त्यांना जबाब हवा होता. अब्बांचा हात बांधलेला, म्हणून तो मी लिहिला. त्यांनी सांगितला तसा लिहिला: 'छतातून गळणारे पाणी रसात पडून अपघात झाला. पाण्याकडे लक्ष ठेवणे हे माझे काम होते. त्यात माझ्याकडून कसूर झाली.' अब्बा पलंगावरून म्हणत होते, "वरनं न्हाई पोरा, खालनं. चर भिजलाय म्हणून मी आठ दिवस सांगत हुतो." मला वाटलं, पाणी ते पाणी, वरून काय आणि खालून काय! जबाबातलं शुद्धलेखन मात्र मी दोनदा तपासलं. अब्बांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. कसूर त्यांचीच ठरल्यामुळे भरपाई जेमतेम मिळाली.

तो कागद सध्या बाजूला ठेवू. आधी ज्वालामुखीकडे जाऊ.

आपण ज्या काळ्या कातळावर राहतो, ज्यातून वेरूळचं कैलास लेणं कोरलं, ज्याच्या चिऱ्यांवर आपल्या घरांची जोती उभी आहेत, तो बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून बाहेर आलेल्या शिलारसाचे थरावर थर साचले आणि त्यातून आपलं दख्खन घडलं. बेसॉल्टचा रस हा शिलारसांमधला त्यातल्या त्यात गरीब स्वभावाचा. त्यात सिलिका कमी असते, म्हणून तो पातळ असतो. गुळाच्या काहिलीत सुरुवातीचा पातळ रस उकळताना बुडबुडे सहज वर येऊन फुटतात. पाक घट्ट झाला की तेच बुडबुडे अडकतात आणि चटका बसेल असे ताडकन उडतात. शिलारसाचंही बरंचसं असंच आहे. घट्ट, चिकट शिलारसात वायू कोंडतो आणि डोंगर फुटतो. बेसॉल्टच्या पातळ रसातून वायू वाट काढून निघून जातो, आणि अकराशे ते बाराशे अंश सेल्सिअसचा तो रस ओढ्यासारखा वाहू लागतो. हवाई बेटांवर लोक सुरक्षित अंतरावर उभे राहून तो बघतात.

मग हा गरीब रस कधीकधी तोफेसारखा का उडतो? याचं उत्तर समजून घ्यायला आइसलँडच्या दक्षिणेला समुद्रात जावं लागेल.

१४ नोव्हेंबर १९६३. पहाटेच्या अंधारात मासेमारी करणाऱ्या एका बोटीवरच्या खलाशांना दूर समुद्रातून काळा धूर उठताना दिसला. एखादं जहाज पेटलं असावं, असं वाटून ते मदतीला निघाले. जवळ जाऊन बघतात तर समुद्रच उडत होता. त्या जागी पाणी सुमारे १३० मीटर खोल होतं, आणि तळातून बेसॉल्टचा रस वर येत होता. राखेचे काळेभोर फवारे कोंबड्याच्या शेपटासारखे वळसा घेत समुद्रावर पडत होते. वाफेचा आणि राखेचा खांब काही किलोमीटर उंच गेला. दुसऱ्या दिवशी तिथं नवं बेट डोकं वर काढून उभं होतं. पुराणकथांतल्या सुर्त नावाच्या अग्निराक्षसावरून आइसलँडच्या लोकांनी त्याला सुर्तसे हे नाव दिलं.

खरी गंमत पुढंच आहे. ही आतषबाजी साडेचार महिने चालली. त्या काळात राखेचं बेट वाढत गेलं, त्याचे काठ उंच झाले. अखेर ज्या तोंडातून रस येत होता, त्याच्याभोवती राखेचीच भिंत उभी राहिली आणि समुद्राचं पाणी आत येणं थांबलं. एप्रिल १९६४मध्ये स्फोट बंद झाले आणि त्याच जागी रस निमूट वाहायला लागला. खालून येणारा रस तोच होता, उष्णता तीच होती. फक्त पाण्याची वाट बंद झाली होती. पुढं तो उद्रेक अधूनमधून जून १९६७पर्यंत चालू राहिला. वाहिलेल्या रसाचं कवच बसलं, म्हणून ते बेट लाटांपुढं टिकलं. नुसत्या राखेची छोटी बेटं शेजारी झाली होती, ती समुद्रानं धुऊन नेली. आज अशा प्रकारच्या उद्रेकांना जगभर सुर्तसेचंच नाव दिलं जातं.

म्हणजे पाणी आलं की स्फोट, असं म्हणून मोकळं व्हावं का? नाही. तसं असतं तर माझा जबाबही बरोबर ठरला असता.

तवा तापला की नाही, हे आपल्या घरात पाण्याचा शिंतोडा मारून बघतात. तवा बेताचा तापलेला असेल तर पाणी पसरतं आणि चरचरून आटतं. पण तवा फार तापला असेल तर थेंबाची गोळी होते आणि ती तव्यावर मोत्यासारखी पळत सुटते. जास्त तापलेल्या तव्यावर थेंब जास्त वेळ टिकतो! कारण थेंब आणि तवा यांच्यामध्ये वाफेचा बारीक पडदा तयार होतो. थेंब तव्याला टेकतच नाही. वाफेमधून उष्णता फार हळू जाते. लायडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरनं १७५६ साली तापलेल्या लोखंडी पळीत पाण्याचे थेंब टाकून हे लिहून ठेवलं. अब्बा म्हणायचे ते 'नाचतं आन् जातं' हेच.

शिलारस आणि पाणी यांच्यामध्येही आधी असाच पडदा असतो. तो शाबूत राहिला तर पाणी नुसतं उकळतं. पण पाणी रसाच्या पोटात किंवा रसाखाली अडकलेलं असेल आणि तेवढ्यात एखादा धक्का बसून पडदा फाटला, तर पाणी रसाला थेट भिडतं. मग जे होतं ते सेकंदाच्या काही हजाराव्या भागात होतं. पाण्याची वाफ झाली की नेहमीच्या हवेच्या दाबाखाली तिला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. भोवती रस आहे, जागा कुठून मिळणार? दाब भयंकर वाढतो. दुसरीकडे, गरम काचेवर गार पाणी पडावं तसा रस तडकतो. प्रत्येक तडीतून नवा, लालभडक पृष्ठभाग उघडा पडतो. पाणी त्या तडीत शिरतं, आणखी वाफ होते, आणखी तडे जातात. गुळाची ढेप पाण्यात टाकली तर विरघळायला वेळ लागतो, आणि भुगा करून टाकला तर लगेच विरघळतो. गूळ तेवढाच, पण पाण्याला भिडणारं अंग वाढलं. इथंही रसाजवळची उष्णता तेवढीच असते. जी उष्णता द्यायला त्याला कित्येक तास लागले असते, तिचा मोठा वाटा तो एका झटक्यात देऊन टाकतो. स्फोट म्हणतात तो हाच.

प्रमाणालाही महत्त्व आहे. पाणी फारच थोडं असेल तर वाफेच्या चार फुसकांड्या सुटतात. फार जास्त असेल तर रस विझून जातो. प्रयोगांमध्ये सर्वांत जोरदार परिणाम दिसला तो वजनानं साधारण तीन भाग रस आणि एक भाग पाणी असताना. आणि एवढं जमून आलं तरी दोघं एकमेकांत मिसळले आहेत की नाही, हा प्रश्न उरतोच.

तुम्ही म्हणाल, हे कळलं कसं? धगधगत्या विवरात उतरून मोजमाप करणं कुणाला शक्य नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी ज्वालामुखी अंगणात आणला. जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठात ज्वालामुखीचा दगड पुन्हा वितळवून त्यात पाणी सोडण्याचे प्रयोग कित्येक वर्षं झाले. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातल्या इंगो सोंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर तसेच प्रयोग केले. त्यांचा अहवाल २०१८च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. बेसॉल्टचा दगड सुमारे तेराशे अंशांपर्यंत तापवून त्याचा रस करायचा, तो वीत-दीड वीत ते हातभर उंचीच्या लोखंडी पात्रात ओतायचा, आणि पात्राच्या बाजूनं पाण्याच्या धारा जोरानं आत सोडायच्या. गरज पडली तर वरून घणाचा ठोका द्यायचा. काही वेळा ठोक्याचीही गरज पडली नाही. त्यांना आढळलं ते असं: पात्र उंच असलं, म्हणजे पाण्याच्या डोक्यावर रसाची उंची जास्त असली, आणि पाणी वेगानं शिरलं, तर स्फोट जास्त जोरदार होतो आणि आपसूक होण्याचा संभवही वाढतो.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्र झाली होती. वाचून झाल्यावर मी उठून पाणी प्यायलो. आणि मग तो परिच्छेद पुन्हा वाचला. पाणी रसावर ओतून त्यांनी काम भागवलं नव्हतं. ते त्यांनी रसाच्या पोटात शिरवलं होतं, रसाखाली अडकवलं होतं.

त्यानंतर मी शोधत गेलो. रस आणि पाणी यांच्या स्फोटांचा अभ्यास काही एकट्या ज्वालामुखीच्या अभ्यासकांचा नव्हता. धातूच्या कारखान्यांमधले अपघात आणि अणुभट्टीत इंधन वितळून पाण्यात पडलं तर काय, ही चिंता, या दोन वाटांनीही त्या विषयाचं ज्ञान वाढलं. ज्वालामुखीच्या अभ्यासकांनी त्यातलं बरंच काही आपल्याकडे घेतलं. अमेरिकेतल्या अ‍ॅल्युमिनियम उद्योगात वितळलेला धातू पाण्याच्या टाकीत पुन्हा पुन्हा ओतून बघितला गेला, आणि लाँग नावाच्या संशोधकानं १९५७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्फोट व्हायचा तो वितळलेला धातू टाकीच्या तळाशी पोचून त्याच्याखाली पाणी अडकलं म्हणजे. तळाला डांबरासारखा लेप दिला, की स्फोट टळायचा. १९५७! अब्बांच्या अपघाताच्या एकतीस वर्षं आधी.

पुन्हा ज्वालामुखीकडे येतो, कारण गोष्ट अजून पुरी झालेली नाही. हवाईमधल्या किलाउएआ ज्वालामुखीच्या माथ्यावर हालेमाउमाउ नावाचं विवर आहे. तिथं वर्षानुवर्षं रसाचं तळं असायचं. १९२४च्या सुरुवातीला ते तळं खाली निचरून गेलं, आणि मे महिन्यात स्फोट सुरू झाले. अडीच आठवड्यांत पन्नासहून जास्त. कित्येक टनांच्या शिळा उडाल्या. विवराचा व्यास जवळजवळ दुप्पट झाला. १८ मे रोजी फोटो काढायला जवळ गेलेला एक माणूस उडालेल्या दगडांखाली सापडून मरण पावला. उडालेले दगड बहुतेक जुने होते, विवराच्या भिंतींचे. ताजा रस त्यात जवळजवळ नव्हताच. रस खाली गेला, रिकाम्या झालेल्या तापलेल्या नळीत भूजल शिरलं आणि कोंडलेल्या वाफेनं भिंती उडवल्या, असं त्याचं कारण पुढं पाठ्यपुस्तकांत लिहिलं गेलं.

२०१८ साली ते तळं पुन्हा निचरलं, पुन्हा स्फोट झाले, आणि या वेळी उपकरणं हाताशी होती. तेव्हा काही शास्त्रज्ञांनी गणित मांडलं, की नळीभोवतीचा दगड इतका तापलेला असताना भूजल आत पोचायला महिने, कदाचित वर्षंही लागावीत. मग १९२४चं पाणी इतक्या लवकर आलं कसं? जुन्या स्पष्टीकरणाबद्दल शंका उभी राहिली. शंभर वर्षं मान्य असलेला जबाब पुन्हा तपासायला त्यांना कमीपणा वाटला नाही, हे मला फार मोठं वाटतं.

आणि पाणी खरोखरच आलं, पण सवडीनं. २०१९च्या जुलै महिन्यात त्या विवराच्या तळाशी हिरवट पाण्याचं डबकं दिसलं. ते भरत भरत २०२०च्या अखेरीला सुमारे ५० मीटर खोल तळं झालं. वाफाळणारं, पुढं पिवळट-तपकिरी झालेलं. आता उद्रेक झाला तर काय होईल, याची चिंता सगळ्यांना होती. २० डिसेंबर २०२०च्या रात्री विवराच्या भिंतीत भेगा उघडल्या आणि रस धबधब्यासारखा वरून तळ्यात कोसळला. वाफेचा प्रचंड ढग उठला. साधारण दीड तासात अख्खं तळं आटून गेलं आणि त्या जागी रसाचं तळं झालं. भीती होती तसा महास्फोट झाला नाही. रस भिंतीतून येऊन पाण्यावर पडला होता. हाच रस तळ्याच्या तळातून, पाण्याशी घुसळत वर आला असता, तर कदाचित वेगळं काही घडलं असतं. कदाचितच म्हणतो, कारण ज्वालामुखीला दोनदा तोच प्रयोग करायला लावता येत नाही.

सगळीकडे असं निभावत नाही. न्यूझीलंडमध्ये तारावेरा डोंगराच्या पायथ्याशी रोटोमाहाना नावाचं सरोवर होतं. त्याच्या काठी गरम पाण्याच्या झऱ्यांनी घडवलेल्या गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्या होत्या. त्या बघायला त्या काळात लोक जगभरातून यायचे. १० जून १८८६च्या मध्यरात्रीनंतर डोंगर सतरा किलोमीटर लांब चिरला गेला, आणि ती चीर सरोवराखालून गेली. रस बेसॉल्टचाच. खरं सांगायचं तर डोंगरमाथ्यावर तो पाण्यावाचूनही जोरानं उडाला. गरीब स्वभावालाही अपवाद असतात. पण सरोवराखाली जे झालं ते पाण्याचं काम. तळच उडाला, आणि गार झालेल्या राखेचा, गाळाचा चिखल कित्येक मैल आभाळातून बरसला. ते वायरोआसारख्या गावांत घरांची छपरं चिखलाच्या वजनानं खचली. सुमारे १२० माणसं मेली, त्यांत बहुतेक माओरी होती. त्या पायऱ्या कायमच्या नाहीशा झाल्या.

अशा स्फोटांची खूण राखेतही सापडते. वायूच्या बुडबुड्यांनी फुटलेल्या राखेचा कण जाळीदार असतो. पाण्यानं तडकवलेला कण ठोकळ्यासारखा, धारदार कडांचा, काचेच्या तुकड्यासारखा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की हजारो वर्षांपूर्वीची राखही काय घडलं ते सांगू लागते. अशा साक्षीदाराला कुणी जबाब सांगून लिहवून घेऊ शकत नाही.

आणि पाण्याचा स्वभाव कुठं पूर्ण बदलतो, माहीत आहे? खोल समुद्रात. तिथं वर पाण्याचा इतका दाब असतो, की वाफेला फुगायला मुभाच मिळत नाही. समुद्रतळावर शिलारस रोज कुठे ना कुठे पाण्याला भेटतो आणि स्फोट सहसा होत नाहीत. रसाच्या उशीसारख्या गोल गाठी होतात, एकावर एक रचलेल्या. तसे उशीचे दगड उथळ पाण्यातही घडतात. रस सावकाश पाण्यात उतरला की तो गुमान निवतो. आपल्या मुंबई परिसरातल्या कातळातही असे उशीच्या आकाराचे बेसॉल्ट सापडले आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या कालखंडाच्या शेवटाकडे तिथं रस पाण्यात उतरला, पण उडाला नाही, याची ती खूण आहे.

मी तरुणपणी 'आग आणि पाण्याचं वैर' यावर कविता लिहिल्या आहेत. टाळ्याही मिळवल्या आहेत. आता त्या मला वाचवत नाहीत. आग आणि पाणी यांचं वैर असं काही नसतं. कोण कुणावर पडलं, कोण कुणाखाली अडकलं, किती वेगानं, किती प्रमाणात, वर सुटायला जागा होती की नव्हती, यावर सगळं ठरतं. तेच पाणी नाचून निघून जाईल, तेच पाणी सरोवराचा तळ उडवेल. म्हणून काय घडलं हे विचारताना 'पाणी होतं का' एवढं विचारून भागत नाही. पाणी कुठं होतं, हे विचारावं लागतं.

फौंड्रीत काम करणारं कुणी हे ऐकत असेल, तर एक विनंती करतो. वरचं पाणी निर्धोक असतं, असा याचा अर्थ कृपा करून घेऊ नका. पत्राही दुरुस्त झाला पाहिजे. पण वाळू वरून कोरडी दिसली म्हणून विश्वास ठेवू नका, आणि जुना कामगार 'चर भिजलाय' म्हणाला तर त्या दिवशी रस ओतू नका.

अब्बा २००९ साली गेले. अपघातानंतर त्यांनी एकवीस वर्षं एका डोळ्यानं काढली. शेवटची काही वर्षं ते दारात बसून पोरांना पतंगाचा मांजा गुंडाळून द्यायचे. त्या जबाबाबद्दल ते माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. एकदाच, माझी पहिली कविता छापून आली तेव्हा, त्यांनी मला ती दोनदा वाचायला लावली आणि म्हणाले, "अक्षर चांगलं हाय तुझं. पैल्यापासनंच." मी त्याला शाबासकी समजलो होतो.

त्या जबाबाची कार्बन प्रत अजून माझ्या कपाटात आहे. शाई फिकी झाली आहे, पण अंगठ्याचा ठसा स्पष्ट आहे. तो कागद आता कुठल्या कचेरीत दाखल होणार नाही, हे मला कळतं. तरी या कार्यक्रमासाठी लिहायला बसलो, तेव्हा आधी तोच पुन्हा लिहिला. आपल्यासमोर वाचून थांबतो.

'छतातून गळणाऱ्या पाण्याने अपघात झाला नाही. चराच्या तळाशी जमिनीतील पाझर साचला होता. त्याच्यावर रस पडल्यामुळे पाणी खाली अडकले आणि स्फोट झाला. चर भिजल्याचे मी आठ दिवस सांगत होतो. माझ्याकडून कसूर झालेली नाही.'